सासऱ्यांच्या पणजोबांचा शोध: लंडनच्या पोलिस दप्तरातले पाच महिने

१२ जानेवारी २०२५

मुलीच्या शाळेत सध्या व्हिक्टोरिया राणीचा काळ चालू आहे. घरात त्या काळचं काही असेल तर घेऊन या, असं बाईंनी सांगितलं. सासऱ्यांनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत कापसात गुंडाळलेली एक शिट्टी आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो. फोटोत हेल्मेट घातलेला, भरघोस मिशांचा पोलिस ताठ उभा. कॉलरवर एक अक्षर आणि तीन आकडे.

"माझे पणजोबा," सासरे म्हणाले. "जॅक द रिपरच्या मागावर व्हाइटचॅपलमध्ये होते, असं आजोबा सांगायचे." जॅक द रिपर म्हणजे १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून करून कधीच न सापडलेला खुनी. एवढंच. पणजोबांचं नाव माहीत, पण जन्मगाव, नोकरीची वर्षं, बायकोचं नाव, काहीच ठाऊक नाही. सासरे आता ८४ वर्षांचे आहेत. त्यांच्या मागे हे सांगणारं कोणी नाही.

माझ्या आजोळी, मिरजेकडे, दर काही वर्षांनी हेळवी यायचा. ओसरीवर बसून वही उघडायचा आणि एकेक पिढी नावानिशी वाचून दाखवायचा. आजी शेवटी धान्य आणि लुगडं द्यायची. वंशावळ म्हणजे मला तेवढंच माहीत. सासरच्या माणसांची वही कुठे आहे ते आता मीच शोधणार. इंग्लंडात सासर असलेल्या आपल्या आणखी काही जणींना हे करायचं आहे, म्हणून चुकांसकट लिहून ठेवते.

१९ जानेवारी

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात झाली. घरात सगळे "लंडनचे पोलिस" म्हणतात म्हणून मी सिटी ऑफ लंडन पोलिसांच्या नोंदी जिथे आहेत त्या अभिलेखागाराला पत्र लिहिलं. प्रत्यक्षात लंडनमध्ये दोन वेगळी दलं होती आणि आजही आहेत. मधल्या जुन्या शहराच्या चौरस मैलापुरतं सिटीचं दल, १८३९ च्या कायद्याने उभं राहिलेलं. बाकी अख्ख्या लंडनचं मेट्रोपॉलिटन दल, २९ सप्टेंबर १८२९ ला पहिल्यांदा रस्त्यावर उतरलेलं. दोघांची दप्तरं वेगळी, ठेवायच्या जागाही वेगळ्या. जिल्ह्याजिल्ह्यांच्या पोलिसांची कागदपत्रं आणखी तिसरीकडे, त्या त्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात. सगळ्या देशातल्या पोलिसांची एकत्र यादी कुठेच नाही.

म्हणून आधी दल कोणतं ते ठरवा, मग पत्र लिहा. फोटोवरून ते कळतं. सिटीच्या हेल्मेटला माथ्यावरून मागे जाणारा उंच तुरा असतो, मेट्रोपॉलिटनच्या हेल्मेटवर समोर तारा. आमच्या फोटोत तारा आहे. भिंग घेऊन पाच मिनिटं बसले असते तर ते पत्र लिहिण्यातला वेळ वाचला असता.

शिट्टीही कामाला आली. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मेट्रोपॉलिटनच्या शिपायाकडे लाकडी खुळखुळा असायचा, मदत हवी असली की तो गरगर फिरवायचा. शिट्टी त्यानंतरची. म्हणजे हा माणूस १८८४ च्या पुढेही नोकरीत होता. ही एक खुंटी पक्की ठोकली.

८ फेब्रुवारी

जनगणना. इथली दर दहा वर्षांची जुनी जनगणना नावानिशी पाहता येते. त्यासाठी एका वंशावळीच्या संकेतस्थळाचं एक महिन्याचं सदस्यत्व घेतलं. आडनाव आपल्याकडच्या जाधव-पाटलांइतकं सर्रास, त्यामुळे यादी आटोक्यात राहावी म्हणून जिल्हा "लंडन" निवडला आणि शोधत बसले. १८८१ मध्ये त्या नावाचा एक शिपाई मिळाला, वयही जुळतंय असं वाटलं. आनंदाच्या भरात त्याच्या लग्नाचा दाखला मागवला, १२.५० पौंड. दाखला आला तर वधूचं नाव भलतंच, वर मूळचा लंडनचाच, बाप चांभार. सासऱ्यांच्या आजोबांच्या जन्मदाखल्यावरच्या आईच्या नावाशी काहीच जुळेना. दुसराच कोणी माणूस.

दाखला मागवण्याआधी जे कागद घरातच आहेत ते नीट वाचायला हवे होते. आजोबांचा जन्म १८७८ चा, डेप्टफर्डमधला, हे त्या डब्याच्या तळाशी होतं.

१५ फेब्रुवारी

आज उलगडलं. डेप्टफर्ड आता लंडनमध्ये आहे, पण १८८१ मध्ये त्याचा बराचसा भाग कागदोपत्री केंट परगण्यात होता. लंडन परगणा झाला १८८९ मध्ये. मी "लंडन" निवडलं होतं, त्यामुळे आमचा माणूस यादीत येणारच नव्हता. जिल्ह्याची अट काढली आणि नुसतं "डेप्टफर्ड" लिहिलं, तसं अर्ध्या तासात कुटुंब समोर आलं.

१८८१, ३ एप्रिलची रात्र: पोलिस शिपाई, वय ३७, जन्म सफोक. बायको, तीन मुलं. त्यातलं मधलं पोर म्हणजे सासऱ्यांचे आजोबा, वय ३. थोरली मुलगी मात्र चॅटममध्ये जन्मलेली. चॅटम केंटमध्ये, लंडनहून जवळजवळ ३० मैल. लंडनच्या शिपायाची मुलगी तिथे कशी? आधी वाटलं, बायकोचं माहेर असेल. बायकोचा जन्म चॅटमचाच निघाला, त्यामुळे तो तर्क पक्का वाटू लागला. तरी १८७१ ची जनगणना पाहिली. तिथे हाच माणूस, वय २७, अविवाहित, चॅटममध्येच, आणि धंदा पोलिस शिपाई. म्हणजे तो लग्नाआधीपासून तिथे नोकरीला होता, बायको तिथेच भेटली.

याचं कारण असं की १८६० पासून नौदलाच्या गोद्यांची राखण मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे आली. पोर्ट्समथ, डेव्हनपोर्ट, चॅटम, वेल्समधलं पेम्ब्रोक, सगळीकडे लंडनचे शिपाई बदलीवर जायचे. तुमचा माणूस लंडनचा पोलिस असून मुलं एखाद्या बंदरात जन्मलेली दिसली तर माणूस चुकला असं समजून सोडून देऊ नका.

१८६१ ला तो सफोकमधल्या एका खेड्यात शेतमजूर, वय १७. लंडनच्या पोलिसांना शहरातल्या पोरांपेक्षा खेड्यातली धट्टीकट्टी माणसं हवी असायची. हेही जुळलं.

१८९१ ला अजून शिपाई, डेप्टफर्डमध्येच. १९०१ ला "पोलिस पेन्शनर". निवृत्ती या दोन तारखांच्या मध्ये. शोधायला दहा वर्षं उरली.

८ मार्च, क्यू, पहिली फेरी

मेट्रोपॉलिटन पोलिसांची जुनी दप्तरं लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. डिस्ट्रिक्ट लाइनचं क्यू गार्डन्स स्टेशन, तिथून दहा मिनिटं चालत. वाचकाचं तिकीट फुकट मिळतं, पण ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे लागतात. मी पत्त्याचा पुरावा फोनवर दाखवेन या भरवशावर न जाता वीजबिलाचा कागद नेला, ते बरं झालं. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल, खोडरबरही नाही. पिशवी लॉकरमध्ये. आपल्या फोनने फोटो काढायला पैसे पडत नाहीत. रविवार-सोमवार बंद.

आता अपयश. मी फोटोतल्या कॉलरवरचा आकडा घेऊन गेले होते आणि त्याच आकड्याने नोकरीची नोंद मिळेल असं धरून चालले होते. कॉलरवरचा आकडा हा त्या विभागातला हजेरीचा आकडा. बदली झाली की तो बदलतो, माणूस गेला की दुसऱ्याला मिळतो. आयुष्यभर टिकतो तो वॉरंट क्रमांक, भरती होताना मिळालेला, आणि तो गणवेशावर कुठेच नसतो. कॉलरवरचं अक्षर मात्र उपयोगाचं. "आर" म्हणजे ग्रिनिच विभाग, डेप्टफर्ड त्यातच येतं. "एच" म्हणजे व्हाइटचॅपल. फोटोत आर आहे. हे सासऱ्यांना लगेच सांगितलं नाही.

मग भरतीची वर्णानुक्रमे नोंदवही मागवली. मेपो ४ या मालिकेत ३३३ ते ३३८ क्रमांकाचे खंड (मेपो म्हणजे मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या दप्तरांचं अभिलेखागारातलं सांकेतिक नाव). आणि इथे भिंत लागली. १८५७ ते १८७८ या काळातले खंड उरलेलेच नाहीत. आमचा माणूस १८६१ नंतर आणि १८७१ आधी भरती झालेला, नेमका त्या भगदाडात. शपथेच्या नोंदवह्या (३५२ ते ३६०) फेब्रुवारी १८६९ पासून सुरू होतात. त्यांची पहिली दोन-तीन वर्षं चाळली, नाव नाही. म्हणजे भरती १८६९ च्या आधीची.

सहा तास, हाती काही नाही. परतीच्या गाडीत एक गोष्ट मात्र लक्षात आली. जो माणूस भरतीच्या दाराने सापडत नाही, त्याला निवृत्तीच्या दाराने शोधायचा. सरकार माणसाला घेताना एक ओळ लिहितं. त्याला जन्मभर पैसे द्यायची वेळ येते तेव्हा मात्र सगळं विचारून लिहून घेतं.

२२ मार्च, दुसरी फेरी

आजचा अर्धा दिवस माझ्या घाईने गेला. मेपो ४ मध्ये ३६१ ते ४७७ असे सेवा-प्रमाणपत्रांचे खंड आहेत, जानेवारी १८८९ ते नोव्हेंबर १९०९. उंची, जन्म, आधीचा धंदा, बदल्या, बढत्या, शिक्षा, सगळं त्यात असतं. आमचा माणूस १८९० च्या दशकात निवृत्त झाला, म्हणजे इथे असणार, असं मी धरलं. पण हे खंड त्या वर्षांत भरती झालेल्यांचे आहेत आणि वॉरंट क्रमांकाने लावलेले आहेत. १८६० च्या दशकात लागलेला माणूस त्यात येतच नाही. तीन खंड पाहून झाल्यावर हे कळलं. कोणत्याही मालिकेत तारीख दिसली की आधी विचारा: ही तारीख येण्याची की जाण्याची?

दुपारी सोडून गेलेल्यांची नोंदवही मागवली, ३३९ ते ३५१, मार्च १८८९ पासूनची. १८९१ पासून एकेक पान पाहत निघाले. आडनाव सर्रास, त्यामुळे दर काही पानांनी छातीत धडधड आणि मग नाव वेगळं. चारच्या सुमारास सापडला. नाव, आर विभाग, पेन्शनवर निवृत्त, जून १८९२. आणि शेजारी पाच आकडी वॉरंट क्रमांक.

तो क्रमांक मी पेन्सिलीने तीन वेळा लिहून घेतला. फोटोही काढला. घरी येऊन पाहते तर फोटो हललेला. पेन्सिलीने लिहिलेलं होतं म्हणून निभावलं. फोटो काढल्यावर तिथेच मोठा करून वाचून पाहायचा, ही सवय आजपासून.

१२ एप्रिल, तिसरी फेरी

मेपो २१. पेन्शनच्या नोंदी, १८५२ पासूनच्या. त्या पेन्शन क्रमांकाने लावलेल्या आहेत, म्हणजे साधारण निवृत्तीच्या तारखेने. जून १८९२ हाताशी होता म्हणून योग्य खंड पहिल्याच मागणीत मिळाला. तारीख माहीत नसती तर दहा वर्षांचे खंड उचलावे लागले असते.

खंड जड. फोमच्या उशांवर उघडा ठेवून पानं हळूहळू उलटायची. शाई तपकिरी झालेली, अक्षर एकाच कारकुनाचं, उजवीकडे झुकलेलं, एकसारखं. छापील रकाने आणि त्यात हाताने भरलेला माणूस. आमचं पान उघडलं तेव्हा मी काही मिनिटं फोटो काढायलाच विसरले.

वय ४८. उंची ५ फूट साडेनऊ इंच. केस तपकिरी, पिकत चाललेले. डोळे करडे. खूण: उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक नाही. जन्मगाव सफोकमधलं तेच खेडं. आईबापांची नावं. जवळचं माणूस: बायको, नावासकट. नोकरी १८६६ ते १८९२, २६ वर्षं. पेन्शन वर्षाला ५२ पौंड. १८९० चा कायदा आला त्यानंतर २५ वर्षं पुरी झालेल्याला पेन्शन हक्काने मिळू लागली. त्याआधी ती वरिष्ठांच्या मर्जीवर आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर असायची. हे वाचलं तेव्हा १८९२ हे वर्ष मला वेगळं दिसू लागलं. कायद्याची खात्री होईपर्यंत पाय ओढत उभा राहिलेला माणूस दिसला.

आणि शेवटचा रकाना: निवृत्तीनंतर राहण्याचं ठिकाण. तिथे डेप्टफर्ड नाही. सफोकमधलं जन्मगाव.

२० एप्रिल

ईस्टरच्या जेवणानंतर सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. ओळीमागून ओळ, आमच्या हेळव्यासारखं, न थांबता. बोटाची ओळ आली तेव्हा ते उठले आणि फोटो घेऊन आले. भिंगाखाली पाहिलं. डाव्या हातात पांढरे हातमोजे धरलेले, पाची बोटं मोकळी. उजवा हात पट्ट्यापाशी, बोटं मुठीत मिटलेली. इतकी वर्षं तो फोटो घरात होता, ती मूठ कोणी पाहिली नव्हती.

मग व्हाइटचॅपलचं विचारलं. मी म्हटलं, "बाबा, अजून एक दप्तर पाहायचं राहिलंय."

१० मे, चौथी फेरी

मेपो ७, पोलिस आदेश. रोजच्या रोज निघणारे आदेश: नेमणुका, बदल्या, दंड, बडतर्फी, पेन्शन. नावाची सूची नसेल तिथे पान पान वाचावं लागतं, त्यामुळे तारीख अरुंद केल्याशिवाय हात लावू नका. मी दोन काळ घेतले.

पहिला, जनगणनेतून कळलेली चॅटमहून परतीची वर्षं. थोरलीचा जन्म १८७३ चा चॅटमचा, पुढच्या मुलाचा १८७८ चा डेप्टफर्डचा. १८७५ मध्ये बदलीची ओळ सापडली, गोदीतून आर विभागात. त्याच शोधात आणखी एक ओळ मिळाली, पहाऱ्याची जागा सोडल्याबद्दल दंड. सासऱ्यांना तीही सांगणार. माणूस जसा होता तसा सांगायचा असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

दुसरा काळ, ऑगस्ट ते नोव्हेंबर १८८८. व्हाइटचॅपलच्या खुनांच्या त्या महिन्यांत दुसऱ्या विभागांतले शिपाई एच विभागाच्या मदतीला पाठवले होते, हे खरं आहे. म्हणून चार महिन्यांचे आदेश सगळे वाचले. त्याचं नाव नाही. रिपरची गोष्ट कागदावर उभी राहत नाही.

घरी येऊन तसंच सांगितलं. सासरे जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते." आणि मला ते पटलं. वडील पोलिसात, शहरात सगळीकडे एकच चर्चा, आणि दहा वर्षांचा मुलगा. गोष्ट त्या मुलाची होती.

३१ मे

एक गाठ उरली होती. पेन्शनच्या कागदावर सफोकचं गाव, पण १९०१ च्या जनगणनेत तो डेप्टफर्डमध्ये, मुलाच्या घरी: विधुर, पोलिस पेन्शनर, वखारीवर रखवालदार. मग गावी गेलाच नव्हता का?

बायकोच्या मृत्यूची नोंद मी आधी डेप्टफर्डभोवती शोधली होती, मिळाली नाही. या वेळी सफोकमध्ये शोधली. १८९३ ची नोंद मिळाली. दाखल्याची पीडीएफ मागवली, ८ पौंड, चार दिवसांत आली.

नोव्हेंबर १८९३. ठिकाण तेच खेडं. वय ४५. कारण क्षय. धंद्याच्या रकान्यात "पेन्शनर पोलिस शिपायाची पत्नी". खबर देणारा नवरा, "मृत्यूसमयी हजर".

म्हणजे गेले होते. २६ वर्षं दुसऱ्यांच्या दारांवर पहारा दिल्यावर दोघं त्याच्या गावी जाऊन राहिले, आणि सतरा महिन्यांत ती गेली. त्यानंतर तो परत लंडनला आला आणि वखारीवर रात्रीची राखण करू लागला.

आतापर्यंतचा खर्च लिहून ठेवते, पुढच्यांना अंदाज यावा म्हणून. दाखले तीन: चुकीच्या माणसाच्या लग्नाचा १२.५०, बरोबर माणसाच्या लग्नाचा (चॅटम, १८७२) १२.५०, मृत्यूची पीडीएफ ८. एकूण ३३ पौंड. संकेतस्थळाचं सदस्यत्व एक महिना आणि क्यूच्या चार फेऱ्यांचं भाडं वेगळं. अभिलेखागारात कागद पाहायला एक पैसाही लागला नाही. वेळ पाच महिने. त्यातला निम्मा चुकीच्या दलात, चुकीच्या परगण्यात आणि चुकीच्या मालिकेत गेला. पुन्हा करायचं झालं तर आधी जनगणनेतून निवृत्तीची दहा वर्षं काढेन, मग सोडून गेलेल्यांची नोंदवही, मग मेपो २१, आणि त्यानंतरच मागे भरतीकडे.

दाखला सासऱ्यांना दिला. त्यांनी दोनदा वाचला. मग फोटो उलटा केला आणि पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलीने, सावकाश, आधी पणजोबांचं नाव आणि वर्षं लिहिली आणि त्याखाली पणजीचं नाव. तिचा फोटो घरात नाही. मुलीने विचारलं, आपण त्या गावी जायचं का. जुलैत शाळेला सुट्टी लागली की जायचं ठरलं आहे.